तंजावूरच्या बाहुलीचा डावा गाल

सावंतवाडीहून तंजावूरला कसं जायचं हे मला विचारू नका. नातीनं गाडीत बसवलं, मी बसले; उतर म्हणाली, उतरले. मधल्या वेळात झोपले, आणि झोपेतसुद्धा पर्स छातीशी घट्ट धरली होती असं ती सांगते. नात म्हणजे मुक्ता. बंद पडत चाललेल्या कारागिरीच्या फिल्मा काढणं हे तिचं काम. या खेपेला तिच्या संस्थेनं नवीन टूम काढली होती. चीनमधली एक कारागीर बाई तंजावूरला येणार, इथल्या बाहुल्या कशा होतात ते बघणार. मग इथलं कुणीतरी तिकडं जाऊन त्यांच्या बाहुल्या बघणार. सगळ्याची नोंद होणार आणि दोन्हीकडची कला वाचणार. याला अमूर्त वारसा म्हणतात. म्हणजे ज्याला हात लावता येत नाही असा वारसा.

"बाहुलीला तर हात लावता येतो," मी म्हटलं.

"आजी, बाहुली नव्हे. बाहुली करायची रीत."

रीत वाचवायला एवढी तिकिटं कशाला लागतात, हा माझा पहिला संशय. फुकटच्या तिकिटावर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. प्रवास मात्र केलेला आहे.

मला नेण्यामागे हिशेब होता. ज्या घरात फिल्म काढायची ते घर मूळचं मराठी. पिढ्यान् पिढ्या तिथलेच, पण घरात अजून मराठी. ती इतकी जुनी की मुक्ताला निम्मी कळत नाही. जुनी भाषा समजेल असं जुनं भांडं आमच्या घरात मी एकटीच.

तंजावूरला मी पूर्वी एकदा गेले होते, लग्न नवीन असताना. तेव्हाची मी आठवली की मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंबाड्यात खोटे केस, आणि नुकतीच शाळेत मास्तरीण झाल्यामुळे सगळं जग म्हणजे तपासायच्या वह्या. देवळाजवळच्या दुकानात एका म्हाताऱ्यानं हात जोडून म्हटलं, "यावें, बसावें, काय होणें?" तीनशे वर्षं जपलेली भाषा तो माझ्यापुढे ठेवत होता, आणि बाईसाहेबांनी त्याला सांगितलं, "काय होणें नाही हो, काय हवंय म्हणावं." तो हसला आणि त्यानं मला एक गोल बुडाची बाहुली विकली. तीच ती, कशीही आडवी केली तरी डुलत उठून उभी राहणारी. घरी आणून शोकेसमध्ये ठेवली. येताजाता ती डुलायची आणि सासूबाई दचकायच्या. म्हणून मी काय करावं? बुडाला सरस लावून ती फळीला चिकटवून टाकली. न पडणारी बाहुली पडू नये म्हणून चिकटवणारी जगातली पहिली बाई मीच असेन.

तंजावूर, सोमवार

राजवाड्याच्या मागे एका गल्लीत घर. उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचं कोलम. आमच्या रांगोळीत ठिपके रेषेवर येतात. इथं रेषा ठिपक्यांना वळसा घालून निघून जाते, शिवत नाही. मला ते पाहूनच वाटलं, हे लोक सरळ काही सांगणार नाहीत.

दारात तुळजाबाई उभी होती. माझ्याच वयाची, बुटकी, गोल, मोगऱ्याचा गजरा माळलेली.

"यावें, बसावें. प्रवास बरा जाला? जेवण जालें की?"

या वेळी मी काही सुधारलं नाही. "जालें," म्हटलं. मुक्तानं माझ्याकडे चमकून पाहिलं.

घरात तिचा मुलगा रामोजी, दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला. आणि त्याची बायको सेल्वी. सेल्वीचं माहेर पापनाशमचं, तमिळ घर. उंच, सडपातळ, जरा पुढे आलेले दात, बोटांवर कायम कुठला तरी रंग. तिनं कॉफी आणली. पितळी पेला, खाली पितळी वाटी, वर फेस. मी एक घोट घेतला आणि मुक्ताला हळूच म्हटलं, "कॉफी आहे की पाक?" सेल्वी ओट्यापाशी होती. वळलीसुद्धा नाही.

पुढची खोली म्हणजे कारखाना. साच्यात कागदाचे थर खळीनं चिकटवायचे, पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा. वाळले की जोडायचे. मग बुडाला मातीचा गोळा बसवायचा, उन्हात ठेवायचं, घासायचं, रंगवायचं. राजा आणि राणी. राणीला नथ, राजाला मिशी. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या आमच्या लाकडी फळांना जसा लाखेचा वास असतो, तसा इथं ओल्या कागदाचा आणि चिंचोक्याच्या खळीचा. साचे सेल्वी भरत होती. जोडणं, घासणं, डोळे रेखणं, सगळं सेल्वीच. फक्त मातीचा गोळा बसवायची वेळ आली की तुळजाबाई उठायची, बाहुल्यांची परडी कमरेवर घ्यायची आणि कोपऱ्यात बांधलेल्या हिरव्या लुगड्याच्या पडद्याआड जायची.

मग आतून थोडं पुटपुटणं ऐकू यायचं. मग फाट् असा आवाज. मग शांतता. मग पुन्हा पुटपुटणं.

"मंत्र म्हणतात का?" मुक्तानं मला विचारलं. मी तुळजाबाईला विचारलं.

"तसेंच समजा," ती म्हणाली.

"आत येऊन बघता येईल का?"

"नाही. माझ्या सासूनें मज एकटीस दाखविलें. तिच्या सासूनें तिला."

"मग तुम्ही सुनेला दाखवलं असेल."

यावर ती परडीतल्या बाहुल्या मोजायला लागली. मला तेव्हाच शंका आली. परडीत दोनच तर होत्या.

दुपारी ती चिनी बाई आली. नाव लिन. पंचेचाळिशीची असावी, आखूड केस, पायात कापडी बूट, हातात फोन. ती चिनीत बोलायची आणि फोनमधली बाई ते मराठीत सांगायची, तेही रेडिओवर बातम्या देतात त्या थाटात. तुळजाबाईनं फोनकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "ही आंतली कोणाची सून? फार शुद्ध बोलते." तुळजाबाईचं बोलणं मात्र त्या फोनला ओ की ठो कळेना. ते काम माझ्याकडे आलं.

लिन तिकडे कागद-मातीच्या बाहुल्याच करते. त्यांच्याकडेही असाच न पडणारा बाहुला असतो, फक्त तो राजा नसतो, सरकारी साहेब असतो, टोपी घातलेला. पोरं त्याला टिचक्या मारतात. हे तिनं हसून सांगितलं, पण मी तिच्या हातांकडे बघत होते. तिनं एक राणी उचलली, कानाशी नेऊन हलवली. उलटी केली. बुडाचा फोटो काढला. दुसरी उचलली, तिच्याही बुडाचा.

देवळाबाहेर मी सकाळीच प्लास्टिकच्या राण्या बघितल्या होत्या, हुबेहूब अशाच. बुडावर चीनचा छाप. मी दोन आणि दोन जोडले. शाळेत गणित माझ्याकडे नव्हतं, पण जोडायची हौस पहिल्यापासून.

तिरुवैयारु, मंगळवार

माती आणायला कावेरीकाठी जायचं होतं. रामोजीनं ओळखीची रिक्षा सांगितली. रिक्षावाला वाटेत दोनदा गोल फिरल्यासारखं मला वाटलं. मुक्ता म्हणाली, आजी, ते दुसरं देऊळ होतं.

दोन्ही बाजूंना भात. आमच्याकडे भातशेती डोंगराच्या कुशीत चोरून बसल्यासारखी असते. इथं आकाश जिथं टेकतं तिथपर्यंत भात, आणि मधेमधे केळी. गावात शिरल्याबरोबर कुठल्याशा घरातून गाणं शिकवताना ऐकू आलं. एक बाई तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, मुलगी तीच चूक पुन्हा पुन्हा करत होती. आम्ही नदीवरून परतलो तरी दोघींपैकी कुणी हटलं नव्हतं.

काठावर सेल्वीनं साडी खोचली, टोपली घेतली, आणि कुठली माती ते न विचारता खणायला लागली. वरचा रेताड थर बाजूला सारायचा, खालची काळसर, चिकट, लोण्यासारखी घ्यायची. माझ्याशी ती खुणांनी बोलत होती, मुक्ताशी मोडक्या इंग्रजीत. त्या इंग्रजीतून मुक्ताला आणि मुक्ताकडून मला जे समजलं ते असं. गेल्या उन्हाळ्यात तुळजाबाई अंगणात पडली आणि मनगट मोडलं. जुळलं, पण जोर गेला. मातीचा गोळा आता नीट दाबला जात नाही, बऱ्याच बाहुल्या लवंडलेल्याच राहतात. दसरा झाला की रामोजी पुढची खोली मोबाइलवाल्याला भाड्यानं देणार आहे. मग सेल्वीनं कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं.

"तुम्ही स्वतःच का बसवत नाही गोळा?" मुक्तानं विचारलं.

"अत्तै पडद्याआड येऊ देत नाही." अत्तै म्हणजे सासू. "बाहुलीचं सगळं मला येतं. उभी करायचं येत नाही. उभी न राहणारी बाहुली कोण घेणार?"

एकदाही करून बघितल्या नाहीत का, असं मी मुक्ताकरवी विचारलं. बघितल्या होत्या, चोरून. उठल्या. पण गिऱ्हाइकाच्या घरी पोरानं जोरात ढकलल्यावर पडल्या त्या पडल्याच. परत आल्या. तुळजाबाईच्या कधी परत आल्या नव्हत्या.

हे चाललेलं असताना मी लिनकडे बघत होते. ती पाण्यापाशी उकिडवी बसली होती. तिनं चिमूटभर माती घेतली, बोटांत मळली, जिभेला लावली, आणि मग पिशवीतून एक छोटी डबी काढून त्यात ती माती ठेवली. डबी बंद. पिशवी बंद. इकडेतिकडे नजर.

परतताना सगळ्यांनी अशोका खाल्ला. मूगडाळीचा, तुपात निथळणारा, केशरी रंगाचा हलवा, केळीच्या पानावर गरम. आमच्याकडच्या मूगडाळीच्या हलव्याला दात लागतात; हा घशातून आपोआप उतरतो, आणि असं आपोआप उतरणाऱ्या गोष्टींबद्दल माणसानं सावध असावं. मी दोनदा घेतला.

घरी आल्यावर मी तुळजाबाईला बाजूला घेतलं आणि डबीचं सांगितलं. बुडाच्या फोटोंचंही सांगितलं. देवळाबाहेरच्या प्लास्टिकच्या राण्यांचंही. जरा तिखटमीठ लावलं असेन, सवय आहे.

तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अस्कें समजलें." अस्कें म्हणजे सगळं.

तंजावूर, बुधवार

सकाळी गेलो तर कारखान्याच्या दाराला कुलूप. तुळजाबाई ओटीवर भाजी निवडत बसलेली.

"आज काम नाही. उद्यांही नाही. फिल्मही नाही."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या लहानपणी माझ्या बरणीतली चिक्की संपल्यावर मी तिच्याकडे बघायची, अगदी तसं.

"आजी, तू काय बोललीस?"

"जे दिसलं ते."

"आणि जे नाही दिसलं ते?"

मी पर्सची चेन लावली. सेल्वी दारात उभी राहून कुलपाकडे बघत होती. तिच्या हातात रंगवायची बाकी राहिलेली एक राणी होती. इथं नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात; त्याची ऑर्डर तशीच आत पडलेली, आणि मी एका डबीसाठी तिच्या कामाला कुलूप लावलं होतं. माझ्या संशयाचा मला अभिमान आहे, पण त्याचा नेम कधीकधी शेजाऱ्याच्या कौलावर जातो.

मुक्तानं लिनला सरळ विचारून टाकलं. लिननं लगेच डबी काढली आणि ओटीवर ठेवली.

"हो, घेतली," फोनमधली बाई बातम्यांच्या आवाजात म्हणाली. "मी जिथे जाते तिथली माती घेते. आपणही घेतली असती."

खरं होतं. मीही घेतली असती. कदाचित पिशवीभर.

मग ती बोलत गेली, फोन सांगत गेला, आणि मी ते तुळजाबाईच्या भाषेत वळवत गेले. लिनच्या गुरूला त्यांच्या सरकारनं वारसदार अशी पाटी दिली होती. पाटी मिळाली की शिकवावंच लागतं. गुरूनं पाटी दारावर लावली आणि शिकवलंही. पण बूड भरायची वेळ आली की तो शिष्यांना जेवायला पाठवायचा. परत येईपर्यंत बाहुले उभे. म्हातारा आणखी दहा वर्षं जगेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यालाही. तो गेला. लोक अजून येतात, पाटीबरोबर फोटो काढतात, जातात. लिन जुने फुटके बाहुले विकत घेऊन त्यांची बुडं उघडते, मातीत काय होतं ते चाखून बघते. तिचे बाहुले उठतात, पण त्याच्यासारखे नाही.

"तुमच्या गुरूनं का लपवलं?" मी विचारलं.

लिननं डबीचं झाकण बोटानं फिरवलं. मग फोन म्हणाला, "त्याला प्रत्येक शिष्याचा संशय येत असे."

तुळजाबाई भाजीतला एक देठ बराच वेळ मोडत राहिली. मग तिनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मला म्हणाली, "तुम्ही एकट्या या. मनगट धरायास कोणी होणें."

पडद्याआड एक पाट, मातीचा गोळा, पाण्याचं भांडं आणि खिडकीतून येणारं ऊन. एवढंच. मंत्राची पोथी नाही, दिवा नाही. मी निराश झाले. तिनं बाहुली उलटी धरली, मी तिच्या मनगटाला हात लावला, आणि आम्ही दोघींनी मिळून माती आत दाबली. मधे जड, कडेला पातळ. बूड कागदानं बंद केलं. मागल्या परडीतली एक वाळलेली बाहुली तिनं पाटावर ठेवली, तिच्या कोऱ्या तोंडाकडे रोखून पाहिलं आणि ती पुटपुटली. या वेळी मी शेजारी होते. शब्द न् शब्द ऐकला.

"सांबारांत मीठ घालतां येईना आणि नाक केवढें. बापानें दिलें काय, तर दांत."

आणि फाट्. डाव्या गालावर. बाहुली आडवी झाली, पाटावर डोकं आपटलं, आणि डुलत डुलत उठून उभी राहिली.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

"हा मंत्र?"

"हळू मारिली तर कोणतीही उठते," तुळजाबाई अगदी गंभीरपणे म्हणाली. "रागानें मारिल्यावर उठेल ती खरी. आणि राग उगाच येत नाही, नांव घ्यावें लागतें. माझ्या सासूनें माझें घेतलें. मी आधीं तिचें घेत होतें, मग नवऱ्याचें, आतां हिचें. तोंडावर बोललें तर घर मोडतें. बाहुलीस बोललें तर बाहुली उठते."

"म्हणून सेल्वीला आत घेत नाही."

"तिच्यासमोर तिचीच शिवी कशी देऊं? आणि शिवी न देतां शिकवूं तर अर्धें शिकविलें." तिनं उठलेल्या बाहुलीचा गाल अंगठ्यानं पुसला. "पोर वाईट नाही. मीठ खरेंच कमी घालते."

"पण पडदा लुगड्याचा. बाहेर ऐकू जात असेल."

"जाऊं दे. तिला कोठलें मराठी. ती पापनाशमची."

बाहेर आले तेव्हा सेल्वीनं मला कॉफी दिली. पहिला घोट घेतला आणि थांबले. साखर नव्हती. बाकी सगळ्यांच्या पेल्यांत होती, मी मुक्ताची चाखून पाहिली. सोमवारपासून आठवायला लागले, पहिल्या कॉफीला पाक म्हटलं तिथपासून. मंगळवारीही बिनसाखरेची आली होती, आणि मला वाटलं होतं की माझ्या तोंडाकडे बघून हिला मधुमेह दिसला.

गुरुवार

रात्रभर मी विचार केला असं म्हणायची पद्धत आहे. मी झोपले. उत्तर सकाळी दात घासताना सुचलं.

कारखान्यात सगळे होते. तुळजाबाई खळ ढवळत होती, सेल्वी खाली मान घालून राणीची नथ रंगवत होती, मुक्ता कॅमेरा पुसत होती, लिन साचे बघत होती. मी तुळजाबाईला अगदी सहज आवाजात, कुणाकडेही न बघता म्हटलं, "सुनेच्या खांद्यावर पाल बसलीय हो तुमच्या."

सेल्वी ताडकन उठली. कुंचला एकीकडे, राणी दुसरीकडे, आणि दोन्ही हातांनी खांदा झटकत ती भिंतीपर्यंत गेली. पाल नव्हती. राणीच्या नथीची मिशी झाली होती.

तुळजाबाईच्या हातातला खळीचा चमचा तसाच वर राहिला आणि खळ तिच्या मांडीवर थेंब थेंब पडत राहिली. तिनं आधी सेल्वीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा सेल्वीकडे.

"तुला कळतें?"

सेल्वीनं पदर सावरला. पहिल्यांदाच तिच्या तोंडून मराठी आलं, तुळजाबाईचंच, फक्त हेल तमिळ.

"लग्न करून आलें त्या वर्षींच कळूं लागलें, अत्तै. दुसरें काम काय होतें? दिवसभर ऐकत होतें."

"अस्कें?"

"अस्कें. मिठाबद्दल एक परडी. दांतांबद्दल दोन. माझ्या बापाच्या सायकलीबद्दल गेल्या नवरात्रांत पुरी ऑर्डर."

मुक्तानं माझी बाही ओढली. काय चाललंय ते तिला अर्धंच कळत होतं. मी तिला गप्प राहायची खूण केली. असं माझ्या हातून फार कमी वेळा होतं.

"मग बोलली कां नाही?" तुळजाबाईचा आवाज बारीक झाला होता.

"बोललें असतें तर तुम्ही मारणें बंद केलें असतें. मग बाहुल्या पडल्या असत्या." सेल्वीनं मिशीवाली राणी उचलली, बोटानं रंग पुसला. "मला राग येई. मग मी मीठ आणखी कमी घालीं."

तुळजाबाईनं चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता रडारड होणार, आणि रडारडीत काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले. पण ती उठली, वाळलेल्या बाहुल्यांची परडी उचलून सेल्वीच्या कमरेला टेकवली, आणि हिरवं लुगडं बाजूला धरलं.

"जा."

"तुम्ही?"

"मी येथेंच. तूं आंत, मी बाहेर. आतां मी ऐकतें."

मुक्तानं कॅमेरा उचलला. सेल्वीनं मान हलवली. तेव्हा मुक्ताच्या फिल्ममध्ये जे आहे ते एवढंच: एक हिरवा पडदा, आणि त्याच्यापुढे जमिनीवर कान देऊन बसलेली एक गोल म्हातारी.

आत पाट सरकल्याचा आवाज. मग फाट्, पण बावळट. एखाद्या बाळाला थोपटावं तसं.

"हें काय मारणें जालें?" तुळजाबाई पडद्याला म्हणाली. "नांव घे."

"कोणाचें?"

"येथें किती जण आहेत? माझें घे."

मग सेल्वीचा आवाज, आधी दबका, मग एकदम मोकळा. "फुटकी बरणी, झांकण घट्ट. आंत लोणचें सडलें तरी कोणास वास देणार नाही."

फाट्.

मी तुळजाबाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते.

"उजव्या गालावर मारिली," ती म्हणाली. "डावा. उजव्या हाताची थप्पड डाव्या गालावर यावी, तेव्हां जोर सरळ बुडास जातो. आवाजही भद्द आला, माती कडेला जास्त जाली, तें माझें मनगट. उठली काय?"

"उठली. पण कलून उभी आहे."

"तुझ्या नवऱ्यासारखी. सोड तिला, दुसरी घे. आणि लोणच्याचें पुन्हा म्हण."

आत सेल्वी हसली. मग तुळजाबाईही. मग मी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं लिनला सांगितलं, आणि जेवढं नव्हतं ते फोनला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मुक्ताला. लिननं सगळं ऐकलं आणि सेल्वी बाहेर आल्यावर पडद्याकडे बोट दाखवून तुळजाबाईला विचारलं, जाऊ का? तुळजाबाईनं तिच्याकडे, तिच्या कापडी बुटांकडे, पिशवीकडे नीट बघून घेतलं. "बूट काढून," म्हणाली.

लिन फोन बाहेर ठेवून आत गेली. तिनं चिनीत काहीतरी लांबलचक सुनावलं, चढत चढत गेलेल्या आवाजात, आणि शेवटची थप्पड अशी बसली की खिडकीवरचा कावळा उडाला. कुणाला सुनावलं ते तिनं सांगितलं नाही. विचारायची गरजही नव्हती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातातली बाहुली डुलत होती.

त्या दिवशी जेवायला डांगर होतं. उडदाचं पीठ दह्यात, वर फोडणी. आमच्याकडेही करतात, पण आम्ही कांदा घालतो. तुळजाबाईनं पहिला घास घेतला आणि पान तसंच ठेवून सेल्वीकडे पाहिलं. सेल्वी पाण्याचे पेले भरत होती.

"आज मीठ बरें आहे," तुळजाबाई म्हणाली.

रामोजीनं विचारलं, मोबाइलवाल्याला काय सांगायचं. उत्तर दोघींनी एकदम दिलं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की पुढची खोली भाड्यानं नाही.

सावंतवाडी

जुनी बाहुली मी शोकेसमधून काढायला गेले. सरस इतका घट्ट की बूड फळीलाच राहिलं आणि राणी वरून निघाली. आत काळी माती होती, मधे जड, कडेला पातळ. तिच्या डाव्या गालावर, नीट पाहिलं तर, रंगाखाली पुसटसा खड्डा. कुण्या सुनेच्या नावानं ती उठली होती कोण जाणे, आणि मी तिला फळीला खिळून टाकलं.

तुळजाबाईनं दिलेली नवी राणी आता हॉलमध्ये टेबलावर मोकळी उभी आहे. सेल्वीनं रंगवलेली, सेल्वीनं उठवलेली. पहिल्या दिवशी जेवताना मी घरात सगळ्यांना ही हकीकत रंगवून सांगितली. मुलगा हसला. सून अनुजाही हसली, आणि तिनं विचारलं, "डाव्याच गालावर का हो, आई?" मी समजावून सांगितलं.

परवापासून मला संशय येतोय. मी देवळातून परत येते तेव्हा राणी जरा डुलत असते, आणि खिडक्या तर बंद असतात. तिच्या डाव्या गालावरचा गुलाबी रंगही फिका होत चाललाय.

मी अजून तिला एकदाही मारलेलं नाही.